शेवंडीखालची जमीन

१९ मे २०२४ रोजी, रविवारी, अमेरिकेतल्या ‘रेड लॉबस्टर’ या मासळीच्या रेस्तराँच्या साखळीने फ्लोरिडातल्या ओरलँडो इथल्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली ती जवळजवळ विनोदाच्या अंगाने. २० डॉलरमध्ये हवी तेवढी कोळंबी खा, अशी योजना कंपनीने काढली, लोकांनी खरोखरच हवी तेवढी खाल्ली आणि कंपनी बुडाली, असा त्या बातम्यांचा मथितार्थ होता. आपल्याकडेही ही बातमी याच स्वरूपात फिरली. फुकट्यांनी दुकान खाल्लं, ही गोष्ट सांगायलाही सोपी आणि ऐकायलाही गोड.

अर्जाला कंपनीचे तेव्हाचे मुख्य अधिकारी जोनाथन टिबस यांचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं आहे. बुडत्या कंपन्या सावरणं किंवा त्यांची निरवानिरव करणं हाच या गृहस्थांचा व्यवसाय, त्यामुळे त्यांच्या लिखाणात भावना नाही, आकडे आहेत. कंपनीची ५७८ रेस्तराँ, सुमारे ३६ हजार नोकर, वर्षाकाठी ६ कोटी ४० लाख गिऱ्हाइकं. उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या शेवंडीच्या शेपट्यांपैकी २० टक्के एकटी ही कंपनी घेत होती. २०२३ या वर्षातला तोटा ७ कोटी ६० लाख डॉलर. कोळंबीच्या योजनेपायी गेलेले पैसे १ कोटी १० लाख डॉलर. आणि त्याच वर्षी जागांच्या भाड्यापोटी मोजलेली रक्कम १९ कोटी ५ लाख डॉलर. त्यातले ६ कोटी ४० लाखांहून अधिक तर धंदा होत नसलेल्या रेस्तराँच्या भाड्यापायी गेले होते.

भाडं प्रत्येक हॉटेलवाल्याला असतं, ते तोट्याशी जसंच्या तसं तोलणं बरोबर नाही, हे मला कळतं. पण एक प्रश्न उरतोच. पन्नासहून अधिक वर्षं चाललेल्या या धंद्यातली बहुतेक रेस्तराँ एके काळी कंपनीच्या स्वतःच्या जमिनीवर उभी होती. मग २०२३ साली ती भाडेकरू कशी झाली? या प्रश्नाचं उत्तर कोळंबीच्या ताटात मिळत नाही. त्यासाठी साखळीच्या आरंभापर्यंत मागे जावं लागतं.

आरंभ जॉर्जिया राज्यातल्या वेक्रॉस नावाच्या रेल्वेच्या गावात झाला. तिथे १९३८ साली बिल डार्डन या १९ वर्षांच्या पोराने २५ जणांची बसायची सोय असलेलं ‘ग्रीन फ्रॉग’ नावाचं खानपानगृह उघडलं. बेडकाच्या नावाला साजेसं, टुणकन उडी मारून सेवा देऊ, असं त्याचं घोषवाक्य होतं. पुढे धंदा वाढवत डार्डन फ्लोरिडात आले. १९६३ मध्ये त्यांनी काही भागीदारांसह ओरलँडोतलं ‘गॅरीज डक इन’ हे चालतं हॉटेल विकत घेतलं. नावात बदक असलं तरी त्याची ख्याती मासळीसाठी होती. मासळी हा नुसता किनाऱ्यावरच्या लोकांचा शौक नाही, आत राहणारा माणूसही त्यासाठी पैसे मोजतो, हे डार्डन इथे शिकले.

१९६८ मध्ये डार्डन आणि त्यांचे सहकारी चार्ली वूड्सबी यांनी पहिलं ‘रेड लॉबस्टर’ उघडलं ते लेकलँड या गावी. फ्लोरिडाच्या दोन्ही बाजूंना समुद्र; लेकलँड मात्र मधोमध, नावाप्रमाणेच तळ्यांचं गाव. समुद्रापासून दूर राहणाऱ्या, खिशात बेताचे पैसे असलेल्या कुटुंबाला बसून, वाढून घेऊन मासळी खाता यावी, हा हिशेब होता. अमेरिकेत तेव्हा एका टोकाला पांढऱ्या टेबलक्लॉथची महागडी हॉटेलं होती आणि दुसऱ्या टोकाला गाडीतूनच हॅम्बर्गर उचलण्याची ठिकाणं. या दोहोंच्या मधली जी पायरी पुढे ‘कॅज्युअल डायनिंग’ म्हणून ओळखली गेली, तिच्या आरंभीच्या साखळ्यांत रेड लॉबस्टरचं नाव घ्यावं लागतं.

काळही अनुकूल होता. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांचं जाळं विणायला सुरुवात झाली होती. क्लॅरेन्स बर्ड्सआय यांनी १९२० च्या दशकात झटपट गोठवण्याची पद्धत बसवल्यापासून मासळी समुद्राची कैदी राहिली नव्हती. हॉवर्ड जॉन्सन यांच्या महामार्गावरच्या साखळीने तळलेल्या शिंपल्यांची चटक आतल्या प्रांतांना आधीच लावली होती. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक धर्मगुरूंनी शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचं बंधन बरंचसं सैल केलं. मासळीवाल्यांना वाटलं, आता आपलं दुकान बसणार. झालं असं, की सक्तीचा म्हणून खाल्ला जाणारा पदार्थ दोनच वर्षांनी हौसेचा म्हणून विकायला डार्डन उभे राहिले.

इथे शेवंडीविषयी थोडं सांगायला हवं. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरची शेवंड आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचा लॉबस्टर हे लांबचे नातेवाईक. आपल्या शेवंडीला लांबलचक मिशा असतात, नांग्या नसतात. मेन राज्यातल्या लॉबस्टरला दोन भल्यामोठ्या नांग्या असतात आणि जिवंतपणी तो लाल नसतो, हिरवट तपकिरी असतो. उकळत्या पाण्यात गेल्यावर तो लाल होतो, म्हणजे ‘रेड लॉबस्टर’ हे शिजलेल्या प्राण्याचं नाव आहे. वसाहतींच्या काळात हा प्राणी इतका मुबलक होता, की त्याला गरिबांचं खाणं समजत. आठवड्यातून अमुक वेळांहून जास्त लॉबस्टर खायला घालणार नाही, असं नोकरांच्या करारात लिहून घेत, ही गोष्ट अनेक पुस्तकांत छापलेली आहे. तसा करार मात्र आजवर कुणाला सापडलेला नाही. खरी गोष्ट जास्त रंजक आहे. १९ व्या शतकात डबाबंद लॉबस्टर आणि रेल्वे आली. त्याची जुनी अप्रतिष्ठा ठाऊक नसलेल्या आतल्या प्रांतांतल्या लोकांनी त्याला उंची पदार्थ मानलं, आणि मग किनाऱ्यावरही त्याचा भाव चढला. त्याची प्रतिष्ठा अशी दूरच्या गिऱ्हाइकाने घडवलेली आहे. डार्डन यांनी शंभर वर्षांनी तीच प्रतिष्ठा पुन्हा त्याच दूरच्या गिऱ्हाइकाला परवडेल अशा भावात विकली.

१९७० मध्ये, रेस्तराँ अजून मूठभर असतानाच, ‘जनरल मिल्स’ने हा धंदा विकत घेतला. जनरल मिल्स म्हणजे मिनीआपोलिसची पिठाची गिरणी. न्याहारीचे पोहे, केकची पिठं विकणारी कंपनी. तिच्याकडे पैसा होता, आणि एकच वस्तू हजार ठिकाणी एकसारखी कशी पोचवायची याचं ज्ञान होतं. डार्डन साखळीच्या प्रमुखपदी राहिले. लेकलँडच्या पहिल्या रेस्तराँचे व्यवस्थापक जो ली हेही पुढे चढत चढत सगळ्या कंपनीचे प्रमुख झाले. खरेदी ओरलँडोहून एकवट होऊ लागली. मासळी देशोदेशींहून गोठवून यायची आणि प्रत्येक ताटात ठरलेल्या वजनाची पडायची. १९७४ मध्ये बोटाच्या पेराएवढ्या कोळंब्या पिठात घोळवून, तळून ‘पॉपकॉर्न श्रिम्प’ नावाने मेन्यूवर आल्या. लहान कोळंबीला मोठीचा भाव मिळत नाही. नाव बदललं की मिळतो. १९९२ मध्ये चीज आणि लसूण घातलेली गरम बिस्किटं आली. बिस्किट म्हणजे आपलं चहाचं नव्हे, छोटा मऊ पाव. ती जेवणाबरोबर फुकट मिळत, आणि पुढे अशी वेळ आली की लोक मासळीपेक्षा त्या पावाची आठवण जास्त काढू लागले.

ज्यांनी समुद्र पाहिलाही नव्हता अशा ओहायो, कॅन्सससारख्या राज्यांतल्या कुटुंबांसाठी वाढदिवस, पदवीदान, आईचा दिवस साजरा करायची ही जागा झाली. गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं बांधून मोठी माणसं नांग्या फोडत बसत. अमेरिकेतल्या उच्चभ्रू खवय्यांनी या जागेची टिंगल खूप केली आहे. ती करणाऱ्यांना समुद्रकाठच्या शहरांत ताजी मासळी मिळत होती, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

या गिऱ्हाइकांत कृष्णवर्णीय कुटुंबांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाहून अधिक होतं. याचं कारण सांगताना कंपनीच्या साहित्यात १९३८ ची एक कथा येते: वंशभेदाचे कायदे लागू असतानाही डार्डन यांनी ‘ग्रीन फ्रॉग’मध्ये काळ्या आणि गोऱ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळं बसवायला नकार दिला. असेलही. पण संस्थापकाच्या तरुणपणीचं धैर्य कंपनीच्याच पुस्तिकेतून कळतं तेव्हा मी जरा हात राखून वाचतो. मला १९३८ पेक्षा १९६४ आणि १९६८ ही सालं जास्त महत्त्वाची वाटतात. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा झाला आणि हॉटेलांत वंशावरून प्रवेश नाकारणं बेकायदा ठरलं. त्याच वर्षी डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या ‘ऑलीज बार्बेक्यू’ या हॉटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. दक्षिणेतल्या जुन्या हॉटेलांच्या दारावरच्या पाट्या उतरल्या, तरी त्या दारांची आठवण कुठे उतरते? रेड लॉबस्टर मात्र कायद्यानंतर चार वर्षांनी जन्मलं. त्याच्या दाराला तो इतिहासच नव्हता. त्यात ते गावोगाव एकसारखं. एका गावात आपल्याला नीट वागवलं, तर दुसऱ्या गावातही तसंच वागवतील, हा भरवसा ज्यांचा वारंवार अपमान झालेला असतो त्यांना किती मोलाचा असतो, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावायला नको. उडप्यांच्या आणि इराण्यांच्या हॉटेलांत चहाचा कप जात न विचारता पुढे आला, या गोष्टीचा आपल्या शहरांच्या इतिहासात काय अर्थ होता, ते आठवावं. २०१६ मध्ये गायिका बियॉन्से हिच्या ‘फॉर्मेशन’ या गाण्यात रेड लॉबस्टरचा उल्लेख आला. त्या शनिवार-रविवारची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांपेक्षा ३३ टक्क्यांनी वाढल्याचं कंपनीने सांगितलं. तो उल्लेख सभ्य नाही, पण त्यातली जवळीक खरी आहे.

१९९५ मध्ये जनरल मिल्सने आपला सगळा हॉटेल व्यवसाय वेगळा काढला. आदल्याच वर्षी वारलेल्या संस्थापकाचं नाव नव्या कंपनीला मिळालं, ‘डार्डन रेस्तराँज’. तिच्या पंखाखाली रेड लॉबस्टरबरोबर इटालियन जेवणाची ‘ऑलिव्ह गार्डन’ ही साखळीही होती. दोघी बहिणी, पण धाकटीचा संसार सोपा. पीठ, टोमॅटो आणि चीज यांचे भाव समुद्रावरच्या वादळाने चढत नाहीत. मासळीचं तसं नाही. ती महागली की ताटाचा भाव वाढवायचा, किंवा मासळी कमी वाढायची, किंवा गर्दी खेचायला काहीतरी क्लृप्ती काढायची.

क्लृप्ती निघाली ती २००३ मध्ये: सुमारे २० डॉलरमध्ये खेकड्याचे पाय, हवे तितके. नेमका तेव्हा खेकड्याचा घाऊक भाव वर चाललेला होता. फोडायला वेळखाऊ पदार्थ, त्यामुळे गिऱ्हाईक टेबल सोडत नव्हतं आणि बाहेर रांग लागलेली. काही आठवड्यांत नफा इतका घसरला, की डार्डनचा शेअर पडला आणि साखळीच्या अध्यक्ष एडना मॉरिस यांना जावं लागलं. दुसऱ्यांदा वाढलेल्याने नव्हे, तिसऱ्यांदा वाढलेल्याने मारलं, अशा अर्थाचं काहीतरी जो ली यांनी गुंतवणूकदारांशी बोलताना सांगितलं होतं.

मालवणी खानावळीतली थाळी डोळ्यांसमोर आणा. भात पुन्हा येतो, सार पुन्हा येतं, सोलकढी मागितली तर बहुधा तीही येते. तुकडी मात्र मोजून. दुसरी हवी तर तिचे वेगळे पैसे, आणि भाव त्या दिवशीच्या बाजाराप्रमाणे, तो फळ्यावर खडूने लिहिलेला. गुजराती थाळीवाला ‘अमर्याद’ म्हणू शकतो, कारण त्याच्या वाटीत डाळ आहे. एखाद्या चौथी शिकलेल्या खानावळवालीला जे न शिकवता कळतं, ते ओरलँडोच्या मुख्यालयात का कळलं नसेल? मला वाटतं, कळत होतं. पण शेअर बाजाराला दर तीन महिन्यांनी गर्दीचा आकडा दाखवावा लागतो, आणि खानावळवालीला तो दाखवावा लागत नाही. पुढच्याच वर्षी कोळंबीची ‘एंडलेस श्रिम्प’ योजना आली, पण ती वर्षातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती. कोळंबी खेकड्यापेक्षा स्वस्त, शिवाय शेतीतली, त्यामुळे हा खेळ जवळजवळ वीस वर्षं निभावला.

खरा घाव त्याच्या मध्येच बसला, आणि तो स्वयंपाकघरात नव्हे तर सातबाऱ्यावर. २०१३-१४ पर्यंत रेड लॉबस्टरची ७०० हून अधिक रेस्तराँ होती, पण गर्दी आटत होती. डार्डनमध्ये शेअर घेऊन बसलेल्या आक्रमक गुंतवणूकदार संस्थांनी कंपनीच्या ताळेबंदात एक गोष्ट हेरली. तिच्या मालकीची जमीन आणि इमारती. वर्षानुवर्षं मोक्याच्या रस्त्यांवर घेतलेल्या या जागांचा भाव धंद्याच्या भावाच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्याहून जास्त भरत होता. गिरणगाव पाहिलेल्या मराठी माणसाला इथून पुढची गोष्ट साधारण ओळखता येईल. चात्यांपेक्षा चाळीखालची जमीन मोलाची झाली, की गिरणी चालवण्यात मालकाला रस राहत नाही. फरक इतकाच, की इथे सगळं काही महिन्यांत आणि पूर्णपणे कायदेशीर रीतीने उरकलं.

२०१४ मध्ये डार्डनने रेड लॉबस्टर ‘गोल्डन गेट कॅपिटल’ या खासगी गुंतवणूक संस्थेला २१० कोटी डॉलरना विकलं. भागधारकांचं मत घेतलं नाही. गोल्डन गेटने त्याच वेळी सुमारे ५०० रेस्तराँची जमीन-इमारत ‘अमेरिकन रिअल्टी कॅपिटल प्रॉपर्टीज’ या जमीनजुमल्याच्या कंपनीला १५० कोटी डॉलरना विकली आणि त्याच जागा रेड लॉबस्टरला भाड्याने दिल्या गेल्या. म्हणजे खरेदीच्या किमतीतला सुमारे ७० टक्के पैसा विकत घेतलेल्या वस्तूच्याच पायाखालून काढला गेला. बहुतेक करार २५ वर्षांचे, भाडं दर वर्षी २ टक्क्यांनी चढतं, आणि कर, विमा, डागडुजी भाडेकरूच्या माथी. शेवंड महाग होवो, गिऱ्हाईक येवो न येवो, भाडं चढणार. छप्पर गळलं तर तेही रेड लॉबस्टरनेच शाकारायचं. काही भाडी बाजारभावाहून जास्त आहेत, असं टिबस यांनी दहा वर्षांनी न्यायालयाला सांगितलं.

या विक्रीला ‘स्टारबोर्ड व्हॅल्यू’ या गुंतवणूक संस्थेचा विरोध होता. तिने जवळजवळ ३०० पानांचं टिपण काढून डार्डनच्या कारभाराची लक्तरं काढली. ऑलिव्ह गार्डनमध्ये पास्ता उकळताना पाण्यात मीठ घालत नाहीत, इथपर्यंत तक्रार होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये भागधारकांनी डार्डनचं १२ जणांचं अख्खं संचालक मंडळ बदललं. पण म्हणून स्टारबोर्डला रेड लॉबस्टरच्या वेटरांचे कैवारी समजू नये. आक्षेप जमीन काढून घेण्याला नव्हता, ती स्वस्तात आणि दुसऱ्याच्या हाती गेली याला होता. नव्या मंडळाने पुढच्याच वर्षी डार्डनच्या उरलेल्या शेकडो जागा ‘फोर कॉर्नर्स’ नावाच्या वेगळ्या कंपनीत काढल्या. दोन्ही पक्षांची नजर एकाच वस्तूवर होती.

गोल्डन गेटने २०१६ मध्ये ‘थाई युनियन’ या थायलंडच्या मासळी कंपनीकडून ५७ कोटी ५० लाख डॉलरची गुंतवणूक घेतली आणि २५ टक्के हिस्सा दिला. २०२० मध्ये थाई युनियन आणि तिचे सहकारी यांनी उरलेला हिस्साही घेतला आणि गोल्डन गेट बाहेर पडलं. कोळंबीच्या बातम्यांत त्याचं नाव फारसं का आलं नाही, ते यावरून कळावं. आग लागली तेव्हा हे पाहुणे घरात नव्हते.

थाई युनियनला रेस्तराँ कशासाठी हवी होती? जगातल्या सर्वांत मोठ्या मासळी कंपन्यांपैकी ती एक. तिला कोळंबीचं कायमचं गिऱ्हाईक मिळणार होतं. २०१२-१३ मध्ये थायलंडच्या कोळंबी तलावांवर रोग पडला, उत्पादन निम्म्यावर आलं, आणि अमेरिकेच्या बाजारातली तिची जागा भारताने घेतली. २००९ मध्ये परवानगी मिळालेल्या व्हॅनामी जातीच्या कोळंबीने आंध्र प्रदेशातल्या भातखाचरांचं रूप पालटलं ते याच काळात. २०२३-२४ मध्ये भारतातून अमेरिकेला सुमारे ३ लाख टन गोठवलेली कोळंबी गेली. थाई युनियनचे पाय इथेही आहेत. आंध्रातल्या ‘अवंती फीड्स’मध्ये तिचा मोठा हिस्सा आहे आणि ‘अवंती फ्रोझन फूड्स’मध्ये ४० टक्के. आपल्याकडे कोळंबी हा भाकरीबरोबरचा पदार्थ. तिथे ती भांडवलाच्या एका लांब साखळीची कडी झालेली होती, आणि त्या साखळीच्या दुसऱ्या टोकाला २० डॉलरचं अमर्याद ताट होतं.

महासाथीत रेस्तराँ ओस पडली. २०१९ च्या तुलनेत गिऱ्हाइकांत ३० टक्क्यांची घट झाली, ती नंतरही भरून आली नाही. भाडं मात्र चालू. मे-जून २०२३ मध्ये पॉल केनी प्रमुख असताना ‘एंडलेस श्रिम्प’ वर्षभरासाठी कायम केली गेली. कंपनीतल्या इतर अधिकाऱ्यांचा याला विरोध होता, असं टिबस यांनी लिहिलं आहे. पिठात घोळवलेली कोळंबी पुरवणारे दोन पुरवठादार दूर करून थाई युनियनला एकमेव पुरवठादार करण्यात आलं, त्यामुळे खर्च वाढला, असाही आक्षेप त्यात आहे. थाई युनियनने हे आरोप नाकारले. खरं-खोटं न्यायालयाने ठरवण्याइतका हा मुद्दा पुढे गेला नाही. ताटाचा भाव २० वरून २२ आणि मग २५ डॉलर झाला. लोक चार-चार तास बसत, कोण किती डझन खातो याच्या चित्रफिती काढत. जानेवारी २०२४ मध्ये थाई युनियनने सुमारे ५३ कोटी डॉलर बुडीत धरले आणि आपण बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं.

मग या पडझडीत कोळंबीचा वाटा किती? शून्य म्हणणं चुकीचं होईल. तोट्याच्या वर्षात १ कोटी १० लाख डॉलर ही लहान रक्कम नाही. मुख्य गिऱ्हाईक घटणं, मजुरी वाढणं, मेन्यू जुना पडणं, हीही कारणं टिबस यांनी दिली आहेत आणि ती खरी आहेत. पण अशी वाईट वर्षं साखळीने पूर्वीही काढली होती. २००३ च्या खेकड्यांनी प्रमुखाची खुर्ची नेली, हॉटेल नाही नेलं. तेव्हा पायाखालची जमीन स्वतःची होती. चालत नसलेलं रेस्तराँ तेव्हा बंद करता येत होतं, जागा विकता येत होती, तिच्यावर कर्ज काढता येत होतं. २०२३ मध्ये यातलं काहीच हाती नव्हतं. चालत नसलेलं रेस्तराँ बंद केलं तरी भाडं सुटत नव्हतं. ते सोडवायला दिवाळखोरीचं न्यायालयच गाठावं लागलं, कारण नको असलेले भाडेकरार मोडण्याची मुभा तिथे मिळते.

अर्जाच्या आदल्या आठवड्यात ९३ रेस्तराँ बंद झाली होती. काही ठिकाणी नोकरांना ते कळलं दारावरची चिठ्ठी वाचून. पन्नासेक रेस्तराँतल्या सामानाचा लिलाव लगेच इंटरनेटवर मांडला गेला. सुटी वस्तू नव्हे, एका बोलीत एका रेस्तराँमधलं सगळं सामान: भट्ट्या, शीतकपाटं, खुर्च्या, टेबलं आणि शेवंडी जिवंत ठेवायच्या काचेच्या टाक्या. टिंगलीच्या बातम्यांबरोबर त्या आठवड्यात दुसऱ्याही काही आठवणी छापून आल्या. आजीच्या सत्तरीच्या, कुटुंबातल्या पहिल्या पदवीधराच्या, पहिल्या पगाराच्या. त्यातल्या बऱ्याच कृष्णवर्णीय कुटुंबांच्या होत्या.

सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने पुनर्रचनेची योजना मंजूर केली. ‘फोर्ट्रेस’ आणि इतर धनकोंच्या गटाकडे कंपनी गेली, सुमारे ५४४ रेस्तराँ उरली. प्रमुखपदी आले ३५ वर्षांचे डॅमोला अडॅमोलेकुन, जन्माने नायजेरियन. ‘एंडलेस श्रिम्प’ परत आणणार का, असं त्यांना वारंवार विचारलं जातं. आपल्याला गणित येतं, म्हणून नाही, अशा आशयाचं उत्तर ते देतात. उरलेली रेस्तराँ भाड्याच्याच जागेत आहेत. जपानमध्ये १९८२ पासून असलेली याच नावाची रेस्तराँ वेगळ्या मालकीची, ती या सगळ्यातून अलिप्त राहिली. आणि लेकलँडच्या काळच्या दक्षिणी खाण्यातली एक वस्तू अडॅमोलेकुन यांनी लोकांच्या मागणीवरून मेन्यूवर परत आणली आहे: ‘हश पपीज’, मक्याच्या पिठाची गोल, कुरकुरीत भजी. ती मोजून देतात.